रावण की दाजी?

हिंगोलीत दसऱ्याच्या रात्री फोटोसाठी न हलता उभा राहणारा एकच इसम असतो, तो म्हणजे रावण. बाकी सगळं गाव हलत असतं. आकाशपाळणा हलतो, पाळण्याच्या रांगेतली पोरं हलतात, कडेवरचं लेकरू हलतं, बांबूच्या कठड्याला धरून उभे असलेले लोक कठड्यासकट हलतात, आणि या सगळ्यांच्या मधोमध ज्याच्या हातात कॅमेरा आहे तो माणूसही मागून बसणाऱ्या धक्क्यांमुळे हलतच असतो. रावण मात्र पन्नासेक फूट उंच, दहाही तोंडं समोर, मिशांना पीळ, नजर थेट कॅमेऱ्यात. स्टुडिओवाल्यानं ‘हनुवटी जरा वर, श्वास रोखा’ असं सांगून उभा करावा तसा. असलं गिऱ्हाईक फोटोग्राफरला जन्मात मिळत नाही. अडचण एवढीच, की पेटेपर्यंत तो अंधारात असतो आणि पेटला की राहत नाही.

रामलीला मैदानावरचा हा दसरा जुना आहे. खाकीबाबा मठाच्या मानदास बाबांनी 1855 साली तो सुरू केला. म्हैसूरच्या दसऱ्यानंतर आपलाच नंबर, हे वाक्य हिंगोलीच्या पोराला बाराखडीच्या आधी येतं. (कुलूच्या दसऱ्याचा विषय त्याच्यासमोर काढू नये. काढलाच तर ‘ते डोंगरातलं वेगळं’ एवढ्यावर तो मिटवतो.) गाव मूळचं छावणीचं. निजामाची फौज इथं असायची. फौज गेली, पण पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं अजून पत्त्यात लिहावी लागतात. त्यामुळे पेन्शनपुऱ्यात राहणारा माणूस वाटेत रिसाल्यातल्या मित्राला घेऊन, तोफखान्यातल्या तिसऱ्याला हाक मारून लंकेच्या चढाईला निघतो आणि यात आपण काही विशेष केलं असं तिघांनाही वाटत नाही. छावणीच्या गावात माणसं लांबलांबून आलेली असतात. मराठी मुलखाच्या पोटात हिंदीतून रामलीला चालते आणि ती पुढं बसलेल्या आज्जीला शब्द न् शब्द कळते, हे त्याच वळणाचं.

गंमत अशी, की मुंबईत हौशी लोकांची फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 साली. म्हणजे आपल्याकडची हौशी फोटोग्राफी हिंगोलीच्या रावणापेक्षा फक्त एका वर्षानं मोठी. पण दोघांची गाठ पडायला पुष्कळ काळ जावा लागला. तेव्हाची रीत अशी, की काचेवर ओलं रसायन चढवायचं, ते वाळायच्या आत फोटो काढायचा, लगेच अंधाऱ्या राहुटीत धुवायचा, आणि भर उन्हातसुद्धा समोरच्यानं काही सेकंद दगड होऊन बसायचं. रात्रीच्या मैदानात, फटाक्यांच्या धुरात आणि मागून ढकलणाऱ्या पब्लिकमध्ये हा कारभार जमणं शक्यच नव्हतं. तेव्हा पहिले कित्येक दसरे रावण कसल्याही पुराव्याविना जळाला. तरी तो जळाला यावर गावाचा विश्वास होता. आज बसेलच असं नाही.

पुढं 1887 साली जर्मनीत मीटे आणि गेडिके या दोघांनी फ्लॅशची पूड काढली. मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळायचं आणि पेटवायचं. ‘भस्स’ असा आवाज, डोळे दिपवणारा उजेड, वर पांढरा धूर, आणि फोटोग्राफरची भुवई शाबूत राहिली तर फोटो. थोडक्यात फटाक्याचीच दारू. म्हणजे त्या काळात रात्रीचा फोटो काढणारा आणि ज्याचा फोटो काढायचा तो रावण, दोघंही सारखाच माल बाळगून समोरासमोर उभे राहिले असते. निजामाच्या दरबारी फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. 1894 साली सहाव्या निजामानं त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ असा किताब दिला. फोटो काढणाऱ्याला लढवय्याचा किताब का द्यावा, असं हैदराबादच्या महालात कोणाला वाटलं असेलही. रामलीला मैदानावर कॅमेरा गळ्यात अडकवून शिरलेल्या माणसाला वाटणार नाही.

आमच्या पिढीला कॅमेरा ठाऊक झाला तो याशिकाचा एमएफ-2. डोक्यावर बसवलेला फ्लॅश, तो भरताना ‘चींऽऽ’ असा बारीक आवाज, आणि लाल दिवा लागेपर्यंत सगळ्या घराण्याचं हसू तोंडावर आंबत ठेवणारा तो काळ. रोल 36 फोटोंचा. रोल टाकायचा कोणाच्या तरी लग्नात, त्यातले उरायचे ते राखीला, पोळ्याला बैलासोबत दोन, आणि दसऱ्याला रोल ‘संपवायचा’. रावणाच्या वाट्याला नेहमी हे उरलेसुरले फोटो येत. स्टुडिओतून पाकीट आलं की आधी अक्षता, मग बैल, आणि सगळ्यात शेवटी एक काळं कुळकुळीत कार्ड, ज्याच्या मध्यभागी हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळा ठिपका. ‘हा रावण’ असं वडील सांगत, आणि वडील सांगतात म्हणून तो रावण असे. अल्बमात तो लागायचासुद्धा. पैसे पडलेले असायचे.

मग मोबाइल आला, आणि खरा प्रश्न तेव्हा कळला.

प्रश्न असा आहे, की हिंगोलीच्या माणसाला रावणाचा फोटो नकोच असतो. रावण त्याला पाठ आहे. त्याला रावणासोबतचा आपल्या माणसाचा फोटो हवा असतो. दसऱ्याला लेकी माहेरी येतात, लेकींबरोबर जावई येतात, आणि आमच्या भागात बहिणीच्या नवऱ्याला जो मान आहे तो रामलीलेतल्या दशरथालाही नाही. दाजी आले, की गाडीत पुढची सीट दाजींना, भज्यांची पहिली प्लेट दाजींना, आणि रावणासमोरची जागाही दाजींना. दाजींना उभं करायचं, मागं रावण घ्यायचा, आणि तो फोटो दाजींच्या गावच्या ग्रुपवर रात्रीतून पोचवायचा. सासरवाडीनं काय दाखवलं, याचा तो दाखला.

आता दाजी उभे आहेत चार फुटांवर, अंधारात. अंगात नवा सदरा, रंग गडद, कारण मळखाऊ. रावण उभा आहे दोन-तीनशे फुटांवर आणि पेटलेला आहे. कॅमेरा डोळ्यासारखा नसतो, त्याला एकाच वेळी दोघांचं मन राखता येत नाही. जाळ नीट दिसावा असं धरलं, तर रावणाची ज्वाला न् ज्वाला येते, बांबूची कांब न् कांब येते आणि दाजींच्या जागी एक काळा ढिगारा उरतो. दाजी दिसावेत असं धरलं, तर दाजींच्या कानावरचे केससुद्धा मोजून घ्यावेत, पण मागं लंकाधिपतीच्या जागी नुसता पांढरा भडका, जसा काही शेजारच्या शेतातला कडबा पेटला. म्हणजे कॅमेरा हातात घेतला की पहिला निर्णय रावण की दाजी हाच. कॅमेऱ्याच्या पुस्तकात याला डायनॅमिक रेंज म्हणतात. आमच्याकडं याला सासरवाडी म्हणतात.

कलावंत माणूस अर्थातच रावण निवडतो. असला एक फोटो मी दाजींना जागेवरच दाखवला.

“आमचं तोंड कुठंय यात?” दाजी म्हणाले.

“दाजी, सिल्हाउट म्हणतात याला. मागं जाळ बघा काय आलाय.”

“जाळ आम्हाला काय दाखवायलाव? रावण आमच्याकडंबी जळतो. सदरा नवा हाय, सदरा येऊ द्या.”

मागून अक्काचा आवाज आला, “फ्लॅश मार की रे.”

फ्लॅश मार हा सल्ला मैदानावरच्या सगळ्या अक्का देत असतात आणि या सल्ल्यापुढं पदार्थविज्ञान हात टेकतं. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे एक एवढासा दिवा. त्याचा उजेड दहा-बारा फूट चांगला जातो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. म्हणजे रावणापर्यंत जायला निघालेला फ्लॅश वाटेतच भेळवाल्याच्या गाड्यापाशी संपतो. तरी रावण पेटायच्या आधी मैदानात हजारो फ्लॅश लखलखतात. रावणावर त्याचा काही परिणाम होत नाही. उजळून निघतात ती पुढच्या माणसांची डोकी, मागून. जिल्ह्यातल्या पुरुषांच्या मस्तकाच्या मागच्या बाजूचा एवढा मोठा संग्रह दुसऱ्या कोणत्याही रात्री तयार होत नसावा. टक्कल पडायला लागल्याची पहिली पक्की बातमी आमच्याकडं पुष्कळांना दसऱ्याच्या फोटोतूनच मिळते, तीही दुसऱ्याच्या.

हल्लीच्या मोबाइलला नाइट मोड असतो. तो दोन-तीन सेकंद एकामागून एक बरेच फोटो घेतो आणि सगळ्यांची गोळाबेरीज करून एक उजळ फोटो करतो. तेवढा वेळ तो पडद्यावर लिहून विनंती करतो, की फोन स्थिर धरा. ही विनंती लिहिणारा माणूस रामलीला मैदानावर आलेला नाही. आला असता तर त्यानं मागच्यांनाही दोन शब्द लिहिले असते. नाइट मोडमध्ये रावण छान येतो, पण त्याला वीस तोंडं येतात आणि दाजींना दोन. दाजींनी तो फोटो ठेवून घेतला. सदरा दोनदा आला होता.

कॅमेऱ्याला अंधारात फोकस सापडत नाही ही आणखी एक तऱ्हा. भिंग पुढं जातं, मागं येतं, कुरकुरतं, एखाद्याच्या कानावर थबकतं, पुन्हा निघतं. संजीवनी कोणती हे हनुमानालाही अंधारात कळलं नव्हतं, पण त्याला निदान सगळा डोंगर उचलून आणायची मुभा होती. आपण उजेड असेपर्यंत येऊन, फोकस रावणाच्या मुकुटावर हातानं लावून ठेवावा आणि मग फोकसच्या कड्याला बोट लावू नये. रात्रीच्या फोटोग्राफीतली निम्मी विद्या ही एवढीच आहे. उरलेली निम्मी म्हणजे ट्रायपॉड.

ट्रायपॉड मात्र हिंगोली जिल्ह्यात जपून उघडावा. तीन पाय उघडून त्यावर यंत्र बसवलेला माणूस म्हणजे मोजणीवाला, ही आमच्याकडची पक्की समजूत आहे आणि तिला आधार आहे. रस्त्याच्या रुंदीकरणापासून भावकीच्या वाटणीपर्यंत आमच्या आयुष्यातली सगळी मोठी दुःखं तीन पायांवर उभी राहून आलेली आहेत. मी ट्रायपॉड लावला, की पहिला प्रश्न येतो, “मोजणी हाय का?” नाही म्हटलं, की दुसरा, “मग कोणत्या पेपरचे?” कोणत्याच नाही म्हटलं, की माणूस जरा वेळ विचार करतो आणि म्हणतो, “मग काहून काढायलाव?” या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही छायाचित्रकाराकडं उत्तर नाही. एका बाप्यानं तर रावणाचं काय ते सोडून गावाकडच्या पुलाची सगळी हकीकत सांगितली आणि जाताना मोबाइल नंबर दिला. पूल कधी झाला तर मी त्यांना फोन करायचा आहे.

पोलीसही ट्रायपॉडपाशी येतात, पण त्यांची तक्रार साधी असते. पाय आवरा, कोणीतरी अडखळंल. आणि ते बरोबर असतं. माझ्या ट्रायपॉडच्या एका पायाला अर्धं मैदान अडखळून गेलेलं आहे, त्यातल्या काहींनी पायाला हात लावून नमस्कारही केला. सणाच्या दिवशी पाय लागला की आमची माणसं नमस्कार करतात, मग तो कार्बन फायबरचा का असेना.

आता प्रत्यक्ष दहन. हे जवळून सांगायला हवं, कारण हजारो मोबाइलांमधून ते कोणालाच दिसत नाही. आधी आतषबाजी होते. ही टिपायला सोपी. कॅमेरा घट्ट उभा करायचा, आयएसओ 100, भिंगाचं तोंड बारीक करून आठ ते अकराच्या दरम्यान, आणि बाण वर जाताना शटर उघडून तो फुटून विझेपर्यंत, म्हणजे दोन-चार सेकंद, उघडंच ठेवायचं. आकाशात फुलं आपोआप उमटतात. मग रामाचा बाण सुटतो, आणि इथून पुढं सगळे नियम उलटे. आगीला वेळ चालत नाही. शटर झपकन पडलं नाही, तर ज्वालांचा नुसता लोळ होतो. जाळ आधी खालून, घोट्यापाशी लागतो आणि क्षणभर लोक गप्प होतात, कारण विझला की काय अशी शंका प्रत्येकालाच येते. परतीचा पाऊस दुपारी पडून गेला असेल, तर ही शंका साधार असते. ओला रावण पाहणं फार केविलवाणं. तो धुमसतो, खोकतो, पोटातला एखादा सुतळी बॉम्ब अवेळी फुटतो, आणि कोणीतरी मागून ओरडतो, “डिझेल टाका!”

कोरडा असला, तर मात्र जाळ कमरेपर्यंत चढतो तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत. पोटातले फटाके तडतडायला लागतात, धूर एका बाजूला कलतो, आणि कागदाचा अंगरखा जाऊन काही क्षण नुसता बांबूचा सांगाडा उभा राहतो. सगळा रावण जळत्या रेषेनं काढलेला. मिशीची रेघ, मुकुटाची कड, दहापैकी सहा-सात तोंडांचे गोल. मग एका बाजूची तोंडं आधी गळतात, तोल जातो आणि सगळं खाली बसतं. फोटो आहे तो या काही क्षणांत आहे. आणि नेमक्या याच क्षणी पुढच्या माणसाचा हात वर जातो. त्या हातात मोबाइल असतो. मोबाइलच्या पडद्यावर रावण असतो. माझ्याकडं हिंगोलीच्या रावणाचे जे बरे फोटो आहेत, त्यांतले बहुतेक दुसऱ्याच्या मोबाइलच्या पडद्यावरचे आहेत. एकात तर वर बॅटरी 4 टक्के असंही स्पष्ट वाचता येतं. त्या माणसाचं पुढं काय झालं याची मला रावणापेक्षा जास्त काळजी वाटते.

मैदानात एक मोठा वर्ग असतो व्हिडिओ कॉलवाल्यांचा. पोरगा चाकणला कंपनीत, सुट्टी नाही, म्हणून त्याला फोनवरून दहन दाखवायचं. “दिसालंय का? दिसालंय का रे?” असं विचारत आई फोन कानाला लावते.

“आई, कान दिसायलाय.”

“कुठं?”

“तुझा कान! रावणाकडं कर फोन!”

आई फोन रावणाकडं करते, पण कॅमेरा पुढचा चालू असतो, त्यामुळे आता पोराला आईचा चेहरा दिसतो, खालून, जाळाच्या उजेडात. “मोप दिसालंय, आई,” असं पोरगं म्हणतं. तेवढ्यात नेटवर्क जातं. सगळं मैदान एकदमच पाठवायला लागलेलं असतं. चित्र गोठतं ते आईच्या चेहऱ्यावर. मला विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात चांगला पोर्ट्रेट चाकणच्या एका खोलीत पडद्यावर अडकलेला असतो आणि तो काढायला कोणी एफ-स्टॉप मोजलेला नसतो.

रामलीलेच्या रंगमंचाकडं कॅमेरा वळवला, तर तिथं विजेचा घोळ. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणजे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर फार जलद ठेवलं, की रामाच्या अंगावर आडवे पट्टे येतात आणि मर्यादापुरुषोत्तम तुरुंगात असल्यासारखे दिसतात. शटर एक शतांश सेकंदावर ठेवलं, की पट्टे जातात. पण तेवढ्यात लक्ष्मणाला मूर्च्छा आलेली असते. त्यात भर म्हणजे दिव्यांचे रंग. हॅलोजन पिवळा, एलईडी निळा, पाळण्याच्या माळा हिरव्या आणि जांभळ्या. कॅमेऱ्याला पांढरं कशाला म्हणावं ते उमगत नाही, आणि तो शेवटी सगळ्यांना पिवळं करून मोकळा होतो. हळदीच्या बाजारासाठी नावाजलेल्या जिल्ह्याला हे शोभून दिसतं, म्हणून मी दुरुस्त करत बसत नाही.

रामलीलेतला नट रावण हा मात्र फोटोच्या दृष्टीनं गावातला सगळ्यात मोठा माणूस. पडद्यामागं राम उभा असतो, सीता उभी असते, पण सेल्फीची रांग रावणापुढं. रामासोबत सेल्फी काढायला लोक संकोचतात, चप्पल काढावी का असा प्रश्न पडतो. रावणाच्या खांद्यावर सरळ हात टाकता येतो. तोही भला माणूस, चहाचा कप बाजूला ठेवतो, मिशी सरळ करतो, डोळे मोठे करतो आणि पोरगं रडायला लागलं, की पुन्हा लहान करतो. त्याचा एक फोटो माझ्याकडं आहे. नऊ तोंडं खुर्चीवर काढून ठेवलेली, आणि दहाव्यानं तो वडापाव खातोय. माझ्या सगळ्या संग्रहात दाजींना आवडलेला हा एकमेव फोटो. “हा कामाचा माणूस दिसतो,” ते म्हणाले.

एकट्या दसऱ्यावर सगळा दोष टाकणं बरं नाही. रात्रीच्या सणांचा आमच्या जिल्ह्यात तोटा नाही. औंढ्याला महाशिवरात्रीनंतर पाचव्या दिवशी रात्री नागनाथाचा रथ निघतो आणि देवळाला पाच प्रदक्षिणा घालतो. ज्योतिर्लिंगाच्या देवळाचा हेमाडपंती दगड काळा, रात्र काळी, रथ उजळलेला, आणि तो चालता. रथ लांबून येताना लहान, समोर आला की एकदम भिंतीएवढा, आणि फ्रेम ठरेपर्यंत पुढं गेलेला. एक फेरी चुकली तर अजून चार आहेत एवढाच दिलासा. शिवाय हे देऊळ कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांसाठी स्वतः फिरलं अशी कथा आहे, आणि नंदी अजून मागच्या बाजूला राहिलेला दाखवतात. तेव्हा फोटो मागून आला म्हणून तिथं कोणी नाव ठेवत नाही. हिंगोलीत गड्डेपीर गल्लीच्या चिंतामणी गणपतीला अनंत चतुर्दशीच्या नवसाच्या मोदकासाठी रात्रीपासून रांग लागते. तिथं उलट आहे. सगळे तासन् तास एका जागी उभे, उजेड भरपूर, कोणी हलत नाही. फोटोग्राफरला याहून काय हवं? पण रांगेतली माणसं हात जोडून म्हणतात, की फोटो काढा, पण नंबर जाईल असं करू नका. आणि गणपतीच्या मिरवणुकीत लेसरचे झोत असतील, तर कॅमेरा खिशात ठेवावा. लेसर सरळ भिंगात शिरला तर आतला सेन्सर कायमचा भाजतो, आणि मग पुढच्या वर्षभराच्या प्रत्येक फोटोत, मुंजीत काय आणि बारशात काय, एकाच ठिकाणी एक हिरवी रेघ येते.

तर रावण की दाजी, याचा निकाल. शास्त्राप्रमाणे उपाय आहे. उजेडाचं माप जाळावर घ्यायचं, आणि दाजींपुरता बेताचा फ्लॅश मारायचा, म्हणजे दोघंही आपापल्या जागी दिसतात. कॅमेऱ्यावर हे जमतं. पण फ्लॅश पडला की दाजी डोळे मिटतात, हा अनुभव मैदानावर सार्वत्रिक आहे, आणि रावण काही दाजींसाठी दुसऱ्यांदा जळत नाही.

म्हणून त्याहून सोपं सांगतो. ऑक्टोबरात हिंगोलीला दिवस मावळतो सहाच्या आसपास. मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश गडद निळं असतं, मैदानातले दिवे लागलेले असतात, आणि माणसाच्या तोंडावरचा उजेड आणि मागचा उजेड जवळजवळ सारखा असतो. रावण तेव्हा उभा असतो, सगळ्या तोंडांनिशी, नवाकोरा, गर्दीही बेताची असते. दाजींना तेव्हाच तिथं उभं करा, सदरा नीट करा, हवे तेवढे फोटो काढा आणि ग्रुपवर टाकून मोकळे व्हा. मग भजी खा, पाळण्यात बसा, आपट्याची पानं वाटा. आणि रात्री रावण पेटला, की मोबाइल खिशात घाला. अगदीच राहवलं नाही, तर निदान छातीच्या वर नेऊ नका. मागं लेकरं उभी असतात, त्यांना अजून रावण पाठ झालेला नसतो.